भिंतीवर लावायचा फोटो

माझ्या फोटोंचा कुणालाही काही उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकते. मी लग्नाचे काढत नाही, बारशाचे काढत नाही, पक्ष्यांच्या मागे जाऊन चिखलात बसत नाही. स्पर्धेला पाठवत नाही, फेसबुकवर टाकत नाही. नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मी तयार मालाची तपासणी करते. दिवसभर हातात मापाचं गेज धरायचं आणि म्हणायचं, हा पास, तो नापास. सुट्टीच्या दिवशी कशालाच नापास करायचं नाही, म्हणून कॅमेरा. पाळी सुटल्यावर गेटवर एकदमच गाडीला किक मारणारी माणसं, बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) ताडपत्रीखाली डुलकी काढणारी भाजीवाली, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा नुसताच एक हात. असले फोटो. जेवणं झाली की कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते एकदा बघायचे आणि झोपायचं. घरातले हे म्हणतात, "साऱ्या जगाचे फोटो काढतेस, नवऱ्याचा एक नाही." मी म्हणते, "तुम्ही हलता फार." सुट्टीच्या दिवशी ते सोफ्यावरून उठत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माणसाला कळेल असा समोरून फोटो काढायला मला भीतीच वाटायची. माणूस कॅमेरा पाहिला की लगेच पोट आत घेतो आणि दुसराच कुणीतरी होतो. ही भीती माझी भाची राहायला आली तेव्हा गेली. ती माझ्या मोठ्या भावाची मुलगी. भावाला आम्ही सगळे नाना म्हणतो. त्याचं घर आणि शेती देवळा तालुक्यातल्या एका गावात, कांद्याची. मुलगी फार्मसीला लागली तेव्हा नाना तिला आणि गव्हाच्या दोन गोण्यांना घेऊन आला आणि तिघांनाही माझ्या हॉलमध्ये ठेवून गेला.

नानाबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर मला पुढे एवढं का लागलं ते कळायचं नाही. मला शिकायला नाशिकला पाठवायचं नाही, यावर आमचे वडील ठाम होते. तेव्हा नाना त्यांच्यासमोर उभा राहिला होता. त्याचं स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. "मी नही शिकनू, तिले त शिकू द्या," एवढंच म्हणाला होता आणि दोन दिवस घरात जेवला नव्हता. माझ्या पगाराच्या प्रत्येक महिन्यात त्या दोन दिवसांची आठवण असते. जगात कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा तर नानावर, असं मी मानत आले.

भाची हसरी, बडबडी, भांडकुदळ. पण फोटोला उभी केली की डोळे मिटायची. हे सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं. तिच्या शाळेच्या फोटोत डोळे मिटलेले, चुलतभावाच्या लग्नात मिटलेले. ती दुसऱ्या वर्षाला आली तसं गावाकडे तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. आमच्याकडे स्थळ बघायचं म्हणजे आधी बायोडाटा लागतो आणि बायोडाट्यावर फोटो लागतो. फोटोशिवाय आलेला बायोडाटा लोक उघडतसुद्धा नाहीत. मुलीत काहीतरी खोट असणार म्हणतात. वहिनीने तिला दिवाळीत नेसवून, सजवून स्टुडिओत नेलं. फोटोवाल्याने जितके काढले तितक्यात डोळे बंद. "मॅडम, पापणी लवू देऊ नका," तो काकुळतीला आला म्हणे. उन्हाळ्यात पुन्हा नेलं, पुन्हा तेच. वहिनी म्हणाली, पोरीला दृष्ट लागलीय. मिरच्या ओवाळून झाल्या.

खरं कारण मात्र तिने मला एका रविवारी सांगितलं. मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढत होते, ती मध्येच चादरीतून डोकं काढून हसली आणि माझं बोट दाबलं गेलं. पाहते तर डोळे टक्क उघडे.

"अगं, हे कसं काय?" मी म्हणाले.

"तुझ्यासमोर कशाला मिटू?" ती म्हणाली. "शाळेत आपोआप मिटायचे, स्टुडिओत मुद्दाम मिटते. फोटो नाही तर बायोडाटा नाही, बायोडाटा नाही तर स्थळ नाही. शेवटचं वर्ष होऊ दे, नोकरी लागू दे, मग बघू. आत्या, तू हे घरी सांगायचं नाहीस. आणि हे फोटो घरी जाऊ द्यायचे नाहीस."

मी कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती म्हणाली, देवावर ठेवला असतास तर विश्वास बसला नसता.

त्यानंतरचा काळ माझ्या हौसेचा सगळ्यात चांगला काळ. मी तिला उभी-बिभी करत नव्हते. ती केस पुसताना, पुस्तकावर गाल टेकून झोपलेली, ह्यांच्याशी कॅरमवरून भांडताना, गंगापूर धरणाच्या भिंतीजवळ मक्याचं कणीस दाताने सोलताना. माणसाचा चेहरा इतका बदलतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कारखान्यात एकसारखा माल पास करून करून मला वाटायला लागलं होतं की सगळंच एकसारखं असतं. ती फोटो बघून म्हणायची, "ही कोण गं एवढी छान?" आणि पुन्हा पुन्हा बघायची. आम्हा दोघींखेरीज ते कुणीही पाहत नव्हतं, आणि त्यातच मजा होती.

त्यातला सगळ्यात आवडता फोटो मात्र माझ्या घरचा नव्हता. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत भरायच्या दिवसांत आम्ही दोघी गावाला गेलो होतो. नाना आणि मजूर दुपारी जेवायला गेले होते. ती नानाचा जुना शर्ट बाह्या दुमडून घालून कांद्याच्या ढिगावर बसली होती. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या, हवेत पापुद्रे उडत होते. मी म्हणाले, "नाकाने कांदे सोलणाऱ्या बायका फार पाहिल्या, कांद्यावर राज्य करणारी पहिलीच." तेव्हा ती जी हसली, ते हसणं फोटोत जसंच्या तसं आलं. केसात उजव्या कानाच्या वर कांद्याचा एक पापुद्रा अडकलेला.

पुढे थंडी पडायला लागली तेव्हा नाना कामासाठी नाशिकला आला आणि जेवायला थांबला. भाची कॉलेजात होती. जेवताना तो गप्प होता. नाना गप्प म्हणजे भाव पडले असणार, असं मी धरून चालले. हात धुऊन आला आणि एकदम म्हणाला, "पोर नही त घर सुनं सुनं लागस. तिना एखादा फोटो दे ना माले. भितवर लावसू."

मी बघतच राहिले. घर सुनं वाटतं हे वाक्य नानाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमची आई गेली तेव्हासुद्धा तो फक्त म्हणाला होता, सरपण कमी पडेल, अजून आणा.

"तिला विचारते," मी म्हणाले.

"इचार. मी काय कोणले दखाडाऊ शे का? भितवर राही. दिवा लावताना दिसी," तो म्हणाला. आणि धोतराने डोळे पुसले. खरंच पुसले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी मी भाचीला सांगितलं. बाप रडला हे ऐकून तीही विरघळली होती, पण ती माझ्यापेक्षा शहाणी. म्हणाली, "भिंतीवर असेल तर असू दे. मोठा प्रिंट काढ, काचेची फ्रेम कर. पण मोबाइलवर पाठवायचा नाही. मोबाइलवर गेला की संपलं." आणि फोटो तिनेच निवडला, कांद्याच्या ढिगावरचा. "या शर्टात कोण बघणार मला?" ती हसून म्हणाली. "हा बायोडाट्याला चालायचाच नाही."

मी प्रिंट चांगल्यातला चांगला काढून घेतला. सागवानी पट्टीची फ्रेम केली. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, माझ्या हाताने नानाला सीबीएसच्या एसटी स्टँडवर नेऊन दिली. बसच्या दारात उभं राहून मी त्याला पुन्हा सांगितलं, "नाना, भिंतीवरच हं. तिने तसं सांगितलंय." तो म्हणाला, "हो वं माय." बस सुटली तेव्हा ती फ्रेम त्याने मांडीवर धरली होती, लहान मूल धरावं तशी. त्याचाही मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे आणि मला बघवत नाही.

पुढचं मला कारखान्यात कळलं. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली एक मैत्रीण डबा घेऊन सरकत माझ्याजवळ आली. तिच्या मावसभावासाठी मुलगी बघत होते. कांद्याचे व्यापारी, सटाण्याला मोठं दुकान. समाजाच्या वधू-वर ग्रुपवर आलेली स्थळं ती मला दाखवत होती. "ही बघ तुमच्याच देवळ्याकडची. काय गोड हसते गं! त्यांना एकदम पसंत आहे."

मी आधी साडी पाहिली. डाळिंबी रंगाची, रुंद काठांची, खांद्यावर चापूनचोपून पिना लावलेली. गळ्यात भरगच्च हार. मागे कुठला तरी निळा डोंगर आणि धबधबा. आणि या सगळ्याच्या वर माझ्या भाचीचं डोकं.

मला क्षणभर कळेचना. तिने अशी साडी नेसल्याचं मला आठवत नव्हतं. मग मी तो फोटो बोटांनी मोठा केला. कानाच्या वर, केसात, कांद्याचा पापुद्रा होता. ज्याने कुणी संगणकावर बसून तिच्या मानेखाली कुणा दुसरीचं शरीर डकवलं, त्याला तो पुसायचं सुचलं नव्हतं. त्याला ते फूल वाटलं असेल. आणि डाव्या गालावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक पुसट पांढरा पट्टा. असा पट्टा कशाचा असतो हे मला कुणी सांगायला नको. काचेवर पडलेल्या ट्यूबलाइटचा. फ्रेम आडवी ठेवून, वरून मोबाइल धरून कुणीतरी फोटोचा फोटो काढला होता.

"बरं वाटत नाही का?" मैत्रिणीने विचारलं. मी म्हणाले, पित्त झालंय. त्या दिवशी दुपारनंतर मी काय पास केलं आणि काय नापास, देव जाणे.

घरी गेले तर भाचीच्या हातात मोबाइल होता आणि तोच फोटो उघडा होता. तिला कॉलेजातल्या मुलीने पाठवला होता.

"आत्या, तू दिलास?"

"भिंतीवर लावायला दिला. तुला विचारून."

"मोबाइलवर नाही ना पाठवलास?"

"नाही. शपथ." मी तिला तो पांढरा पट्टा दाखवला. तिने स्वतःच्याच गालावर बोट ठेवून तो मोठा केला, पाहिला. "हो," ती म्हणाली, "काच आहे." माझ्यावर तिने विश्वास ठेवला, तेव्हाच ठेवला. मला हायसं वाटणार तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "पण आत्या, मी तुझ्यासमोर डोळे उघडले, म्हणून हा फोटो निघाला ना."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून पोळ्या लाटायला गेली.

त्या रविवारी मी एकटीच पहिल्या गाडीने गावाला गेले. वाटभर मी नानाला बोलायची वाक्यं जुळवत होते. त्याची बाजूही मीच मांडत होते. म्हटलं, भिंतीवर लावलेला पाहून एखाद्या पाहुण्याने काढला असेल फोटो. नानाला पत्ताही नसेल. वहिनीने केलं असेल. पोरीसाठी रडणारा माणूस असं करणार नाही, हे मी स्वतःला पटवत होते, आणि पटतही होतं.

नाना ओट्यावर बसला होता. मी त्याच्याशी बोललेच नाही. चप्पल काढून सरळ घरात गेले आणि भिंती बघितल्या. देव्हाऱ्याजवळची बघितली, टीव्हीमागची बघितली, आतल्या खोलीतली बघितली. कुठे फोटो नव्हता. काढून ठेवला असेल म्हणून मी खिळा शोधला. खिळाही नव्हता. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. फ्रेम मला धान्याच्या कोठीवर सापडली, माझ्याच वर्तमानपत्रात, माझ्याच सुतळीने पुन्हा बांधून ठेवलेली. गाठ तेवढी दुसरी होती.

म्हणजे तो फोटो एका क्षणासाठीसुद्धा भिंतीवर लागला नव्हता. घर सुनं लागतं, दिवा लावताना दिसेल, हे सगळं माझ्या जेवणाच्या ताटावर बसून रचलेलं होतं. फोटो ग्रुपवर टाकला म्हणून आलेला राग मी गिळला असता. बाप आहे, लग्नाची घाई आहे, समजू शकते. पण रडणं? ते मला कुठे ठेवावं कळेना. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मला त्या कोठीपाशी उभं राहून कळलं.

"नाना, तू मला फसवलंस," मी बाहेर येऊन म्हणाले.

तो खरोखर चकित झाला. "फसाडं? मनीच पोरगीले मी फसाडसू का? चांगलं घर उनं. सटाणानं. पोऱ्या निर्व्यसनी शे."

"तू भिंतीवर लावतो म्हणालास."

"खिळा काय, सकाय ठोकी देसू."

"तू रडलास माझ्यासमोर!"

यावर तो दुसरीकडे बघत म्हणाला, "तू तशी त देती का?" आणि पुन्हा जोर आला त्याला. "आनि फोटो कोन काढेल शे? तूच ना? इतका चांगला काढा, म्हणीसन त लोकेसले पसंत पडना. तुलेच श्रेय शे."

वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, "ताई, पोरगी लग्नानंतर परीक्षा देईलच की. ते लोक काय नाही म्हणणार आहेत का?" मी चहा घेतला नाही. फ्रेम उचलली आणि एसटी स्टँडवर येऊन बसले. ज्याने माझ्यासाठी दोन दिवस अन्न सोडलं होतं तो माणूस आणि हा माणूस एकच, हे मला अजून जुळवता येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

भाची नाही म्हणाली. पुष्कळदा म्हणाली. मीही म्हणाले, ह्यांनीही नानाला फोन करून सांगून पाहिलं. पण मुलगी न दाखवताच पसंत पडलेली, आणि सटाण्याचं दुकान. रोज कुणी ना कुणी मामा, काका, मावशी फोनवर तिला समजावायला लागले. फोटोत तर इतकी आनंदात दिसतेस, मग आता काय झालं, असंही एका मावशीने विचारलं. शेवटी ती एक दिवस म्हणाली, "जाऊ दे आत्या, दमले मी." साखरपुडा परीक्षेच्या आधीचा ठरला.

मी जाणार नव्हते. तिनेच सांगितलं, ये. कार्यालयात नाना सगळ्यांदेखत माझ्याकडे आला, जसं काही घडलंच नाही असा, आणि म्हणाला, "फोटो तूच काढ वं. तुना हातले यश शे." मी आयुष्यात कुणाच्या कार्यात फोटो काढला नव्हता. पण तिच्याकडे पाहिलं आणि वाटलं, निदान आजचा तरी तिचा फोटो तिच्या स्वतःच्या अंगावर असावा. मी कॅमेरा काढला.

मुलाकडच्यांनी साखरपुड्याची साडी आणली होती. तिने ती नेसून यायची, ही रीत. ती बाहेर आली. साडी डाळिंबी होती. रुंद काठांची. तिची होणारी सासू, भली बाई, कौतुकाने तिची हनुवटी धरून म्हणाली, "फोटोमा हाऊच रंग शोभे ना तुले, म्हणीसन हाऊच लई उनूत." साऱ्या सटाण्यातली दुकानं पालथी घातली होती म्हणे, त्या रंगासाठी. ती बाईही फसलेलीच होती.

भाची पाटावर बसली. मी समोर उभी राहिले. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, ओळखीचं थोडं हसलीही, आणि मी बोट दाबलं तसे तिने डोळे मिटले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. अंगठी घालताना, पेढा भरवताना, नमस्काराला वाकून उठताना. माझं बोट कधी दाबणार हे तिला माझ्याइतकंच नेमकं ठाऊक होतं. दोन वर्षं आम्ही दोघींनी तेच तर केलं होतं. मंडळी हसत होती, पोरगी लाजते म्हणत होती. मला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतच नव्हते.

जेवणं झाल्यावर सासूबाई माझ्याजवळ आल्या. "ताई, एखादा चांगला फोटो द्या. घरमा भितवर लावसूत." त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला दिसत होतं. मी कॅमेराच त्यांच्या हातात दिला. त्या आणि आणखी दोघी-तिघी बायका डोकी जुळवून एकेक फोटो पुढे सरकवायला लागल्या. "इना त डोया मिटेल शेत," एक म्हणाली. "यामाबी." "यामाबी."

नाना थोडा पुढे झाला. माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"तिचे मिटतातच," मी म्हणाले. "लहानपणापासूनची खोड आहे. कॅमेरा पाहिला की मिटतात. कुणीही काढला तरी. बायोडाट्यातला तो एक चुकून निघाला."

माझ्या घरी कपाटातल्या मेमरी कार्डांवर तिचे डोळे उघडे असलेले शेकडो फोटो होते, आणि मी तोंड वर करून हे सांगत होते. नानाने मान खाली घातली. पलीकडे पाटावर डाळिंबी साडी सावरत बसलेल्या भाचीने ते ऐकलं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, टक्क उघड्या डोळ्यांनी, चादरीतून डोकं काढून पाहिलं होतं तसं.

कॅमेरा तेव्हा माझ्या हातात नव्हता.